दोनशेव्या पानावरची काठी : एका दिवाळी अंकाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५, रत्नागिरी
काम ठरलं. दिवाळी अंकासाठी पंधरा पानांचा मजकूर. व्हर्जिनिया वूल्फ आपल्या बरोबरीच्या कादंबरीकारांबद्दल दैनंदिनीत आणि पत्रांत खासगीत काय लिहून ठेवत होती, त्या नोंदींचा निवडक अनुवाद आणि अधूनमधून माझं बोलणं. ३१ जुलैला फाइल द्यायची.

संपादक फोनवर म्हणाले, "ताई, शिव्या नीट निवडा. 'थोरांच्या शिव्या' असं शीर्षक डोक्यात आहे. मधोमध एक चौकट टाकू, लोक आधी चौकटच वाचतात." खोटं नाही. मीही आधी चौकटच वाचते.

५ जून
आजचा दिवस हक्कांच्या हिशोबात गेला. वूल्फबाई २८ मार्च १९४१ ला गेल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, पण मरणोत्तर छापलेल्या लेखनाची साठ वर्षं छापल्यापासून मोजायची. नवऱ्याने, लेनर्डने, १९५३ साली दैनंदिनीतला लेखनाशी संबंधित भाग निवडून एक खंड काढला. तो इथे २०१३ अखेर मोकळा झाला. संपूर्ण दैनंदिनीचे पाच खंड १९७७ ते १९८४ या काळात आले. त्यातला पहिला खंडच २०३७ अखेरपर्यंत बांधलेला. म्हणजे १९५३ च्या खंडात आहे ते सगळं घेता येईल, नंतरच्या खंडांतून दोन-चार वाक्यं उद्धृत करण्यापुरतीच.

कार्डं दोन रंगांची केली. पिवळी मोकळी, गुलाबी बांधलेली. दुपारपर्यंत लक्षात आलं की झणझणीत मजकूर बहुतेक गुलाबी कार्डांवर आहे. लेनर्डने १९५३ साली पुष्कळ माणसं जिवंत असल्याचं भान ठेवलेलं दिसतं.

९ जून
सुरुवात कॅथरीन मॅन्सफिल्डपासून. कॅथरीन कादंबरीकार नव्हे, तिने कथाच लिहिल्या. विषयाच्या चौकटीत ती बसत नाही हे संपादकांना सांगून टाकलं. पण तिला वगळून बाईंच्या मत्सराबद्दल लिहिणं म्हणजे वरमाई वगळून लग्नाचा अल्बम.

११ ऑक्टोबर १९१७ ची नोंद. कॅथरीन नुकतीच जेवून गेली आहे. तिच्या अंगाला उदमांजरासारखा वास येतो, आणि तेही रस्त्यावर उभं राहायला लागलेल्या उदमांजरासारखा, असं बाईंनी लिहिलंय. हे वाक्य शंभर ठिकाणी उद्धृत झालेलं असेल. पण पुढे लगेच असंही आहे की हा पहिला धक्का ओसरला की ती इतकी बुद्धिमान आणि अथांग आहे की मैत्रीचं चीज होतं. हा भाग फारसा कुणी घेत नाही.

वूल्फ दांपत्याने १९१७ साली एकोणीस पौंड पाच शिलिंग पाच पेन्सला एक छोटं हातयंत्र घेतलं आणि रिचमंडच्या घरात, होगार्थ हाउसमध्ये, जेवणघरात मांडलं. त्या छापखान्याचं दुसरं पुस्तक कॅथरीनची 'प्रील्यूड'. ३०० प्रती, जुलै १९१८. खिळे जुळवण्याचं मोठं काम व्हर्जिनियाने स्वतः केलं. म्हणजे कॅथरीनची वाक्यं एकेक अक्षर चिमटीत धरून, उलटी वाचत, खिळे जुळवायच्या काठीत बसवली. एखाद्याचं लेखन याहून जवळून वाचायची दुसरी पद्धत मला माहीत नाही.

आणि पुढच्याच महिन्यात, ७ ऑगस्ट १९१८ ला, मासिकात कॅथरीनची 'ब्लिस' वाचून बाईंनी अंक खाली आपटला: "संपली ही!" तिचं मन म्हणजे उजाड कातळावर इंच-दोन इंच मातीचा थर, असं पुढे.

इथे मला हसू आलं. बाई रत्नागिरीला आल्या असत्या तर त्यांनी दुसरी उपमा शोधली असती. आमच्या सड्यावर कातळावर तेवढीच माती असते आणि भाद्रपदात त्या दोन इंचांत जे उगवतं ते बघायला लोक गाड्या करून येतात. अनुवादात "कातळावरची माती" लिहिलं तर कोकणातल्या वाचकाला ती स्तुती वाटेल. "नापीक खडक" करून टाकलं. चरफडत.

१६ जून
आज जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतली तारीख, १६ जून. ठरवून जॉइसला आजच घेतलं. एवढी हौस माझीही.

आधी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. एप्रिल १९१८ मध्ये जॉइसची पाठराखीण हॅरिएट वीव्हर 'युलिसिस'ची सुरुवातीची प्रकरणं टंकलिखित रूपात घेऊन होगार्थ हाउसला चहाला आली. वूल्फबाईंनी मे महिन्यात नकार कळवला: मजकूर मोठा आहे, आमच्या हातयंत्रावर तीनशे पानांना दोन वर्षं लागतील. कारण खरंच होतं. शिवाय असा मजकूर छापला तर खटला होईल या धास्तीने छापखानेवालेही हात लावत नव्हते.

१० एप्रिल १९१९ ला 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये नव्या कादंबऱ्यांवरच्या लेखात बाईंनी जॉइसची जाहीर तारीफ केली. वेल्स, बेनेट, गॉल्सवर्दी हे कादंबरीकार जडवादी, आणि त्यांच्या विरुद्ध हा आत्म्याकडे बघणारा. पण त्या साप्ताहिकात तेव्हा लेखकाचं नाव छापत नसत. जाहीर मत, पण बिननावाचं. याला कोणत्या रंगाचं कार्ड द्यायचं?

आणि २६ सप्टेंबर १९२०, पिवळं कार्ड. कवी टी. एस. एलियट येऊन गेलाय, स्वतःची कादंबरी 'जेकब्ज रूम' अडलीय, आणि बाई लिहितात की मी जे करतेय ते बहुधा मिस्टर जॉइस अधिक चांगलं करतोय. अजून 'युलिसिस' पुस्तकरूपात आलेली नाही. ती २ फेब्रुवारी १९२२ ला पॅरिसमध्ये आली, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी.

संध्याकाळी लाइट गेले. मुख्य नोंद उद्या.

१७ जून
१६ ऑगस्ट १९२२. पिवळं कार्ड, देवाची कृपा.

बाईंची दोनशे पानं वाचून झालीत, अजून एक तृतीयांशही नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं, दफनभूमीच्या प्रसंगापर्यंत, आवडली, रमल्या. मग कंटाळा, वैताग, भ्रमनिरास: मळमळत्या पोटाने तोंडावरच्या पुटकुळ्या खाजवत बसलेल्या कॉलेजातल्या पोरासारखं. आणि आमचा टॉम (म्हणजे एलियटच), थोर टॉम, याला 'वॉर अँड पीस'च्या पंक्तीला बसवतो! शिजवलेलं मिळत असताना कच्चं मांस का खावं? टॉमच्या अंगात रक्त कमी, म्हणून त्याला रक्ताचं अप्रूप.

चौकटीचं साहित्य आयतंच. संपादक खूश होतील.

पण नोंद इथे संपत नाही. शेवटी तीन छोटी वाक्यं आहेत. हे मत मी पुढे बदलेनही. माझ्या समीक्षेच्या जाणतेपणाशी तडजोड करत नाही. दोनशेव्या पानाची खूण म्हणून जमिनीत एक काठी रोवून ठेवते.

"काठी" की "खुंट"? आमच्याकडे मोजणी झाली की हद्दीला दगड घालतात. दगड घातला की भावाभावांत कोर्ट सुरू. काठी रोवतात ती वाट चुकू नये म्हणून, आणि काम झालं की उपटतात. काठीच.

गेल्या आठवड्यात मी या नोंदीचे उल्लेख हाताला लागतील तेवढ्या पुस्तकांत शोधले. पुटकुळ्या सगळ्यांकडे आहेत. काठी दोघांकडे.

२० जून
त्याच नोंदीतला एक शब्द तीन दिवस छळतोय. बाई पुस्तकाला "अंडरब्रेड" म्हणतात. निरक्षर, अंडरब्रेड पुस्तक. स्वतःच्या हिकमतीवर शिकलेल्या कामगाराचं पुस्तक.

"असंस्कृत" फार सभ्य. "वळण नसलेलं" लिहिलं तर दोष मुलाचा होतो, घराण्याचा उरत नाही, आणि बाईंचा रोख घराण्यावरच आहे. "हलक्या घरचं" लिहिलं की मराठीत लगेच जात येऊन बसते. इंग्रजीत तिथे वर्ग आहे. दोन्ही सारखे नव्हेत. पण वाचकाच्या कानाला जो चटका बसायला हवा तो "हलक्या घरचं"नेच बसतो. "वळण नसलेलं" वापरलं तर मी बाईंना चांगलं दिसायला मदत करतेय.

गंमत म्हणजे वस्तुस्थिती बरोबर उलटी. जॉइस जेझुइटांच्या शाळांत शिकलेला, डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा १९०२ चा पदवीधर. स्वतःच्या हिकमतीवर शिकलेल्या त्या दोघांत बाईच. भाऊ केंब्रिजला गेले. ही वडिलांच्या, लेस्ली स्टीफन यांच्या, पुस्तकांच्या खोलीत वाढली. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या स्त्रियांच्या विभागात काही वर्षं वर्ग केले, तेवढंच. ज्या गोष्टीचं शल्य स्वतःला, तीच शिवी दुसऱ्याला. मराठी घरात हे समजावून सांगावं लागणार नाही.

"हलक्या घरचं" ठेवलं. खाली दोन ओळींची टीप.

२७ जून
काम पुढे सरकलं नाही. माझीच एक जुनी वही काढून बसले.

नऊ वर्षांपूर्वी एका मित्राच्या कादंबरीचं मी परीक्षण लिहिलं. त्यात "संयत शैली", "मितभाषी निवेदन" असे शब्द आहेत. त्याच सुमाराच्या वहीत मी लिहिलंय: "पिठलं पातळ झालं की पीठ वाढवतात, यांनी पाणी वाढवलं." वाक्य अजूनही आवडतं, ही अडचण.

माझ्या वहीत तारीख नाही. कितव्या पानावर होते तेही नाही. कादंबरी पूर्ण वाचली होती का हेसुद्धा आता आठवत नाही. परीक्षण लिहिलं म्हणजे वाचली असणार, असं स्वतःला सांगते. मित्र भेटला की अजून त्या परीक्षणाचे आभार मानतो.

आपल्याकडे बाईंसारख्या वह्या फार कुणी ठेवल्याचं दिसत नाही. मतं असतात, पण ती संमेलनाच्या मांडवामागे चहा पिताना हवेत जातात. पत्रं मात्र आहेत. जी. ए. कुलकर्णींची पत्रं छापून आली तेव्हा कुणाकुणाला काय काय वाटत होतं ते कळलं. पत्राला निदान तारीख असते.

६ जुलै
आषाढी. खिचडी, भगर, आणि 'युलिसिस'च्या शेवटच्या नोंदी. उपासाला साजेसं.

६ सप्टेंबर १९२२: पुस्तक संपवलं, बार फुसका निघाला. प्रतिभा आहे, पण हलक्या पाण्याची. पसरट, मचूळ, डौल दाखवणारं. पुन्हा एकदा "हलक्या घरचं". (शब्द ठेवला ते बरं झालं, तो परत आला.) पहिल्या प्रतीच्या लेखकाला लेखनाबद्दल इतका आदर असतो की तो कसरती करत नाही. छर्रे अंगभर तडतडतात, टॉल्स्टॉयसारखी एक गोळी थेट तोंडावर बसत नाही. मग स्वतःच: पण याची टॉल्स्टॉयशी तुलना करणं हाच वेडेपणा. मी नीट वाचलेलं नाही, एकदाच वाचलंय, म्हणजे गुणांवर अन्याय झाला असेल.

आणि दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर. लेनर्डने एका अमेरिकन साप्ताहिकातलं परीक्षण हातात ठेवलं. ते वाचून बाई म्हणतात, मी ठरवलं होतं त्याहून हे पुस्तक बरंच मोठं दिसतंय. तरी पहिल्या ठशात काही टिकाऊ सत्य असतंच, म्हणून माझं मत खोडत नाही. काही प्रकरणं परत वाचायला हवीत. मग कबुली: मी मुद्दामच शिंगं रोखून बसले होते, आणि टॉमच्या स्तुतीने माझं डोकं आधीच तापलं होतं.

खोडत नाही, हे महत्त्वाचं. कालचं पान फाडलं नाही, त्याच्या खाली आजचं लिहिलं. माझ्या वहीतलं पिठलं मी आज खोडायला निघाले होते. ठेवलं. खाली तारीख घातली, आजची.

याच महिन्यांत बाई 'मिसेस डॅलोवे इन बाँड स्ट्रीट' ही कथा लिहीत होत्या. १४ ऑक्टोबरला नोंद येते की तिला फांद्या फुटून पुस्तक होऊ लागलंय. जून महिन्यातला एकच दिवस, एकच शहर, माणसांच्या डोक्यातून चाललेला. जॉइसची कादंबरीही जूनमधल्या एकाच दिवसाची, एकाच शहरातली. आपल्या समीक्षेत यावरून "प्रभाव, प्रभाव" अशी आरोळी होईल. मी कार्डं शेजारीशेजारी लावते आणि गप्प बसते.

१२ जुलै
दोन छोटी माणसं आज उरकली. छोटी म्हणजे माझ्या मजकुरात.

प्रूस्त. ६ मे १९२२ ला चित्रकार मित्र रॉजर फ्रायला पत्र: हा माणूस लिहिण्याची अशी खाज सुटवतो की वाक्यच धड मांडता येत नाही, असं लिहिता आलं असतं तर! ८ एप्रिल १९२५ ला दैनंदिनीत: आतड्याच्या तारेसारखा चिवट, फुलपाखराच्या पंखावरच्या धुळीसारखा उडून जाणारा. याच्यामुळे मला माझं प्रत्येक वाक्य नकोसं होणार. जिवंत इंग्रज लेखकाबद्दल बाई इतकं मोकळं लिहीत नाहीत. फ्रेंचांशी स्पर्धा नव्हती.

अर्नोल्ड बेनेट. १९२३ साली त्याने छापील लिहिलं की 'जेकब्ज रूम'मधली माणसं लक्षात राहत नाहीत. बाईंनी त्याच्यावर पुढे अख्खा निबंध उलटवला. २८ मार्च १९३१ ची नोंद: बेनेट काल रात्री गेला, वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटतंय. तो मला शिव्या द्यायचा, तरी त्याने देत राहावं असं वाटायचं, आणि मीही त्याला. बरोबर दहा वर्षांनी, २८ मार्चलाच, बाई नदीत गेल्या. हा योगायोग लिहिला होता, खोडला. त्यातून काही निघत नाही.

१८ जुलै
परत कॅथरीन. हे कार्ड मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

नोव्हेंबर १९१९ मध्ये बाईंच्या 'नाइट अँड डे'वर कॅथरीनने परीक्षण लिहिलं. छापलेलं परीक्षण अदबीचं, जेन ऑस्टेनचं नाव घेणारं, पण आतून टोचणारं. बाईंना डूख जाणवला, तसं त्यांनी २८ नोव्हेंबरला टिपलं. परीक्षणाच्या काही दिवस आधी, १० नोव्हेंबरला, कॅथरीन नवऱ्याला पत्रात लिहीत होती: माझं खासगी मत असं की ही कादंबरी म्हणजे आत्म्यातलं खोटं आहे. महायुद्ध झालंच नाही, असं ती सांगते. बाईंना हे पत्र माहीत नव्हतं, पण वास बरोबर आला. म्हणजे दोन वह्या समोरासमोर उघड्या होत्या आणि दोघी एकमेकींकडे चहाला जात होत्या.

९ जानेवारी १९२३ ला कॅथरीन फ्रान्समध्ये क्षयाने गेली. चौतीस वर्षांची. बाईंची १६ जानेवारीची नोंद. न्याहारीच्या वेळी घरकामाच्या नेलीने बातमी सांगितली: मिसेस मरी (म्हणजे कॅथरीनच) गेल्या, पेपरात आलंय! मग बाई स्वतःलाच विचारतात, काय वाटलं? सुटल्यासारखं? एक प्रतिस्पर्धी कमी झाली असं? मग हळूहळू पोकळी. लिहायला बसले तर लिहिण्यात अर्थ वाटेना. कॅथरीन हे वाचणार नाही. आणि पुढे ते वाक्य: तिच्या लेखनाचा मला मत्सर वाटायचा, ज्याचा मत्सर वाटला असं ते एकमेव लेखन.

"संपली ही!" याच्या शेजारी हे कार्ड लावलं. मध्ये साडेचार वर्षं. आज दुसरं काही केलं नाही.

२४ जुलै
शेवटची नोंद. १५ जानेवारी १९४१. जॉइस दोन दिवसांपूर्वी झुरिकमध्ये गेला. बाई लिहितात, माझ्याहून पंधरवड्याने लहान. खरं तर आठ दिवसांनी: २५ जानेवारी आणि २ फेब्रुवारी, साल एकच, १८८२. चूक तशीच ठेवली, टीप दिली.

मग आठवण. लोकरीचे हातमोजे घातलेली मिस वीव्हर, चहाचं टेबल, टंकलिखित कागद. ते एका कपाटाच्या खणात ठेवले होते. एक दिवस कॅथरीन आली, बाहेर काढून दाखवले. ती टर उडवत वाचू लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, पण यात काहीतरी आहे. साहित्याच्या इतिहासात यायला हवा असा प्रसंग, असं बाईंनाच वाटतं. पुढे, निळ्या कागदी वेष्टणाचं ते पुस्तक मी विकत घेतलं, एका उन्हाळ्यात वाचलं, आश्चर्याचे आणि शोधाचे झटके येत होते, आणि मग परत लांबच लांब कंटाळा.

आश्चर्य? शोध? १९२२ च्या नोंदीत हे शब्द कुठे होते? परत जाऊन पाहिलं. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत रमल्या होत्या, तेवढं. काठी उपटून थोडी पुढे रोवली आहे, साडेअठरा वर्षांनी. कंटाळा मात्र जागचा हलला नाही, हे मला फार आवडलं.

इथे मर्ढेकरांचा एक परिच्छेद घालावा असं मनात होतं. 'रात्रीचा दिवस' १९४२ ची, या दोघांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी मराठीत संज्ञाप्रवाह, म्हणजे डोक्यातल्या विचारांच्या ओघातून सांगायची रीत, आला. परिच्छेद लिहिला, छान झाला, काढला. मर्ढेकरांनी या दोघांबद्दल खासगीत काय म्हटलं याचं एकही कार्ड माझ्याकडे नाही.

३१ जुलै
फाइल पाठवली. शीर्षक दिलं 'दोनशेव्या पानावरची काठी'. चौकट दिली आहे, पुटकुळ्यांसकट, पण शेवटच्या तीन वाक्यांसकट.

संपादकांचा फोन. "ताई, बाई मत बदलणारच होत्या तर चौकटीत काय राहिलं?" म्हटलं, सर, तेच राहिलं. "बघतो."

१९ सप्टेंबर
प्रुफं आली. शीर्षक माझंच ठेवलंय. चौकटीत कच्चं मांस आहे, टॉमचं रक्त आहे, आणि तिथेच चौकट बंद. शेवटची तीन वाक्यं नाहीत. फोन केला. संपादक म्हणाले, मुद्दाम नाही हो, ले-आउटवाल्या मुलाने जागेसाठी कापली, त्याला वाटलं तिथे मजकूर संपतोय.

त्या मुलाशीच बोलले. चौकटीतला टाइप अर्धा पॉइंट बारीक केला, वरच्या रेघेखालची मोकळी जागा घेतली. दोन वाक्यं बसली. तिसऱ्यासाठी "थोर टॉम"मधला "थोर" काढावा लागेल म्हणाला. काढू नको म्हटलं, मळमळत्या पोटाने हे दोन शब्द काढ.